कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं स्पॉन्सरशिपचं वर्कशॉप: फी वसूल, फक्त हिशोबाचा भाग वाढवा

चार स्टार देतेय, पाचवा का नाही ते खाली येईलच. आधी हे कुणासाठी आहे ते सांगते, कारण जाहिरातीत 'कॉर्पोरेट स्पॉन्सर मिळवा' असं मोठ्ठं लिहिलंय आणि ते वाचून लोकांना वाटतं हे बड्या इव्हेंटवाल्यांचं काम, आपलं नव्हे. तसं अजिबात नाही. आमच्या बॅचला चटणी-मसालेवाल्या होत्या, चपलांचं छोटं दुकान असणारे एक काका होते, तालमीच्या (म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या) फुटबॉल टीमचं बघणारी दोन पोरं, हुपरीहून आलेला एक चांदी कारागीर, झुंबा क्लास घेणारी एक ताई, असे सगळे आपल्यातलेच. मी कांदा-लसूण चटणी आणि फराळाचं करते, आणि आमचा कसबा बावड्यातला बायकांचा गट दिवाळीच्या आधी फराळाचं प्रदर्शन भरवतो, त्याला स्पॉन्सर हवा होता म्हणून गेले.

रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, फी पंधराशे, त्यात जेवण, दोनदा चहा आणि नंतर एकदा तुमचं प्रपोजल तपासून देणार. शिकवायला एक सर आणि एक मॅडम. सरांनी बरीच वर्षं एका कंपनीत मार्केटिंगचं बजेट सांभाळलंय, म्हणजे लोक पैसे मागायला यायचे ते यांच्याच टेबलापुढं, आणि वर्कशॉपची सगळी ताकद इथंच आहे असं माझं मत. पुस्तकातलं मार्केटिंग कुणीही शिकवेल, पण समोरचा माणूस आपला कागद किती वेळ बघतो, कुठलं वाक्य वाचून बाजूला ठेवतो, हे त्या खुर्चीत बसलेलाच सांगू शकतो.

सुरुवात शाहू महाराज आणि खासबागेनं झाली. महाराजांनी पैलवानांना राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं केलं, त्यावर कोल्हापूरची कुस्ती मोठी झाली, हे आपल्याला शाळेपासून पाठ. सर म्हणाले, राजाश्रय देताना महाराजांनी परतावा मागितला नाही, पण कंपनीचा मॅनेजर मागणार, कारण त्याला वर साहेबांना उत्तर द्यायचं असतं. तुम्ही त्याला ते उत्तर तयार करून द्या, पैसे मागायची वेळच येणार नाही. दिवसभराचं सार म्हणाल तर एवढंच, पण ते त्यांनी इतक्या बाजूंनी दाखवलं की डोक्यात पक्कं बसलं.

मला सगळ्यात आवडलेला प्रकार म्हणजे फ्लेक्सचा. पडद्यावर एका स्पर्धेच्या फ्लेक्सचा फोटो लावला, आपल्याकडं चौकाचौकात असतो तसाच, वर नेत्यांचे फोटो, मध्ये ट्रॉफी, आणि खाली एकाला एक चिकटून लोगोंची रांग, तीसेक तरी असतील. दहा सेकंद बघायला दिलं, फोटो काढून टाकला आणि म्हणाले, तीन लोगोंची नावं लिहा. पूर्ण हॉलमध्ये एकालाही तीन आली नाहीत. नेते कोण होते ते मात्र सगळ्यांनी बरोबर सांगितलं. मग सरांनी शांतपणे विचारलं, या तीस जणांनी पैसे कशाबद्दल दिले? मागून एक काका म्हणाले, "ओळखीखातर दिलं असणार, दुसरं काय." अगदी बरोबर. ओळख आहे तोवर पैसे, माणूस बदलला, मॅनेजरची बदली झाली, की पुढच्या वर्षी परत दारोदार. आपली बहुतेक मंडळं, प्रदर्शनं, स्पर्धा अशाच चालतात, पावतीपुस्तक घ्यायचं आणि फिरायचं, देणाऱ्यालाही ते पैसे बुडीत खात्यातच वाटतात म्हणून तो पाच मागितले की दोन टेकवतो.

त्यानंतर ज्याला त्याला एक कोरा कागद दिला आणि सांगितलं, तुमच्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, तुमच्याकडं येणाऱ्या माणसाबद्दल लिहा. इथं सगळे अडकले. फुटबॉलवाल्या पोरांना उभं केलं तर त्यातला एक म्हणाला, "सर, आमच्या मॅचला शाहू स्टेडियम फुल्ल असतंय की." सर म्हणाले, फुल्ल म्हणजे कोण? वय काय? कुठल्या पेठेतले? कशावरून येतात? मॅच सुटली की कुठं थांबतात, काय खातात, खिशात फोन कुठला? पोरं आधी हसली, मग एकेक सांगायला लागली की बहुतेक सगळे अठरा ते तीसचे, टू-व्हीलरवर डबलसीट येणारे, मॅचनंतर तासभर चहाच्या गाडीवर चर्चा करणारे, बूट आणि जर्सीसाठी पैसे साठवणारे. मॅडमनी ते फळ्यावर लिहून घेतलं आणि त्याच्यासमोर कोणाकोणाला ही पोरं हवी आहेत ते मांडत गेल्या, म्हणजे टू-व्हीलर शोरूम, टायरवाले, हेल्मेटवाले, स्पोर्ट्सचं दुकान, हाडांचा दवाखाना, तरुण पोरांची खाती उघडायची असलेली बँक, जिम. दहा मिनिटांत फळा भरला. आणि ती पोरं तोपर्यंत फक्त नगरसेवक आणि बिल्डर एवढ्यांकडंच जात होती! त्या पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, त्यानं खिशातून फोन काढून फळ्याचा फोटोच घेतला.

मग एकाच पानाचं प्रपोजल. एकच पान, यावर सर फार ठाम आहेत. वर लोक किती आणि कसे येतात, मध्ये कंपनीला तिथं नेमकं काय करता येईल, खाली किती पैसे आणि कधी. मंडळाची स्थापना, आजवरची वाटचाल, मान्यवरांचे फोटो, हे सगळं मागच्या पानावर किंवा नाहीच. 'आपण सहकार्य करावे ही नम्र विनंती' हे वाक्य खोडायला लावलं, माझ्या शेजारच्या वहिनींना ते फार जड गेलं, त्या म्हणाल्या, "असं उद्धट वाटतंय हो." मॅडम म्हणाल्या, नम्रपणा बोलण्यात ठेवा, कागदावर त्यांच्या फायद्याचं लिहा. मला हे पटलं. पण एक सांगू का, आपल्याकडच्या पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाने यांच्याकडं जाताना ती ओळ ठेवलेली बरी, तिथं अजून पत्राला पत्रासारखंच रूप लागतं, संचालक मंडळापुढं ते पत्र वाचलं जातं. सर ज्या वातावरणात काम करून आलेत ते कंपनीचं आहे, सहकारातलं वेगळं आहे, आणि कोल्हापुरात बराच पैसा सहकारातच आहे. एवढा भाग वर्कशॉपमध्ये घालायलाच हवा.

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चाचा प्रश्न कुणीतरी विचारणार हे ठरलेलंच, आणि तो झुंबावाल्या ताईंनी विचारला, की कंपन्यांना दोन टक्के खर्च करावेच लागतात ना, मग त्यातून आमच्या कार्यक्रमाला का नाही देत. यावर सरांनी छान सविस्तर सांगितलं. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटींच्या वर आहे तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर घालावी लागते, हे खरं. पण ज्या कामातून कंपनीच्या मालाची जाहिरात होते ती स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये धरता येत नाही, २०२१ च्या सुधारित नियमांत ते स्वच्छ लिहिलंय. त्याच्या आधी २०१४ च्या परिपत्रकातही मॅरेथॉन, पुरस्कार सोहळे असल्या एकदाच होणाऱ्या कार्यक्रमांचा खर्च चालणार नाही असं आलं होतं. म्हणजे कंपनीत दोन वेगवेगळी दारं आहेत. बॅनर लावून देतो म्हणणाऱ्यानं सीएसआरवाल्या मॅडमच्या केबिनबाहेर बसून उपयोग नाही, त्यानं मार्केटिंगचा माणूस गाठायचा. आणि ज्यांचं काम खरोखर शिक्षणाचं, आरोग्याचं, ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाचं आहे त्यांनी सीएसआरकडं जायचं, पण त्याला नोंदणीकृत संस्था आणि सीएसआर-१ फॉर्म (सीएसआरचं काम करणाऱ्या संस्थेची सरकारकडची नोंद) लागतो. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत चकरा मारणाऱ्या कित्येकांना कुणी हे सांगितलेलं नसतं आणि ते चुकीच्या टेबलापुढं बसून परत येतात, वाईट वाटतं.

वेळेचंही तसंच. कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च, पुढच्या वर्षाचं बजेट आदल्या वर्षीच्या शेवटी ठरतं, त्यामुळं दिवाळीच्या कार्यक्रमासाठी दसऱ्याला गेलात तर समोरचा खरंच सांगतो की पैसे वाटून झाले. गणपती-दिवाळीसाठी उन्हाळ्यातच पान पोचलं पाहिजे.

जेवण साधं, पोळी-भाजी, आमटी, भात. चांगलं होतं.

दुपारचं सत्र उलट्या बाजूचं होतं, आणि छोट्या दुकानदारांनी फक्त तेवढ्यासाठी आलं तरी चालेल. आपण स्वतः स्पॉन्सर व्हायचं असेल तर पैसे कुठं टाकायचे? चपलांच्या दुकानवाल्या काकांचं म्हणणं, आमच्याकडं रोज कुणी ना कुणी पावती घेऊन येतंय, नाही म्हणता येत नाही, वर्षाला बरीच रक्कम जाते आणि गिऱ्हाईक एक वाढत नाही. मॅडमनी त्यांना सांगितलं की वीस ठिकाणी थोडं थोडं देण्यापेक्षा वर्षाला एक-दोनच ठिकाणं धरा, पण तिथं तुमची वस्तू दिसली पाहिजे, नाव नव्हे. काकांनाच सुचलं, की शाळांच्या स्नेहसंमेलनात लावणीला, पोवाड्याला, गोंधळाला पोरं कोल्हापुरी घालतात, ती कुठून तरी भाड्यानं किंवा उसनी आणतात. एका शाळेच्या सगळ्या नाचांना चपला मी देईन, सूत्रसंचालकानं एकदा नाव घ्यायचं, आणि पालकांना त्या आठवड्यात दुकानात आल्यावर सवलत. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या बड्या ब्रँडनं तसल्याच चपला दाखवल्या म्हणून देशभर गाजावाजा झाला, पण त्या गाजावाज्यात एखाद्याच्या मनात आलं की अस्सल जोड घ्यावा, तर त्याला आपलं दुकान मोबाईलवर सापडलं पाहिजे, फोटो आणि भाव दिसला पाहिजे. काकांच्या दुकानाचा गूगल मॅपवर पत्ताच नव्हता, तो तिथंच बसून टाकून दिला मॅडमनी.

दूध ब्रँडची उदाहरणं पण मस्त होती. २०११ च्या क्रिकेट वर्ल्डकपला अमूलनं नेदरलँड्सची टीम स्पॉन्सर केली होती आणि २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्डकपला कर्नाटकच्या नंदिनीनं स्कॉटलंड आणि आयर्लंडची. भारताच्या जर्सीवर नाव लावायला जे पैसे लागतात त्याच्यापुढं हे किरकोळ, पण टीव्हीवर मैदान तेच, वर्ल्डकप तोच, आणि बातमी झाली ती वेगळी. त्यावरून आपल्याकडचा धडा असा काढला की फायनलचं बक्षीस लावायला सगळे धावतात, तुम्ही मैदानावरचं पाणी द्या, स्कोअरबोर्ड द्या, सर्वोत्कृष्ट गोलकीपरला बूट द्या. यावर त्या फुटबॉलच्या पोरांनी एक मोलाची भर घातली. कोल्हापुरात एका तालमीच्या जर्सीवर नाव टाकलं की दुसऱ्या तालमीचे समर्थक त्या दुकानाची पायरी चढत नाहीत! शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांची ईर्षा आपल्याला काय नवीन आहे काय. म्हणून दुकानदारानं एका टीमऐवजी स्पर्धेतलं असं काही घ्यावं जे दोन्ही बाजूंच्या उपयोगाचं आहे. हे पुण्या-मुंबईचा कुठलाही ट्रेनर सांगू शकला नसता, आणि सरांनीही ते लगेच मान्य करून फळ्यावर लिहिलं, हे मला फार आवडलं.

एकाच स्पॉन्सरवर अवलंबून राहू नका हे सांगताना ड्रीम इलेव्हन या ऑनलाइन गेमिंग कंपनीचं उदाहरण दिलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, पैशांचे खेळ बंद झाले, आणि भारतीय टीमच्या जर्सीवरचं नाव गेलं, सप्टेंबरात आशिया कप स्पॉन्सरच्या नावाशिवाय खेळावा लागला, नंतर अपोलो टायर्स आले. बीसीसीआयला लगेच दुसरा मिळाला, आपल्या महिला गटाला किंवा तालमीला ऐनवेळी कोण मिळणार? म्हणून मोठा एक, मधले दोन-तीन आणि बाकी वस्तूच्या रूपात देणारे, अशी विभागणी करायची आणि निम्मे पैसे आधी घ्यायचे. वस्तूच्या रूपात घ्यायला आपण कमीपणा मानतो, पण मंडपवाल्यानं मंडप दिला तर तो खर्च वाचलाच की.

आता पाचवा स्टार का कापला. जीएसटी आणि टीडीएसचा (पैसे देतानाच कापल्या जाणाऱ्या आयकराचा) भाग साडेचारनंतर आला, सगळे दमलेले, आणि वीस मिनिटांत उरकला. पैसे अडकतात ते नेमके इथंच. कंपनी रोख देत नाही, गटाच्या नावावर बँक खातं आणि पॅन लागतो, टीडीएस कापून पैसे येतात, हे कळलं, पण जीएसटी कुणी भरायचा यावर हॉलमध्ये गोंधळच झाला. मी नंतर आमच्या सीएंना विचारलं ते इथं लिहिते, कुणाला उपयोग होईल. स्पॉन्सरशिपवर जीएसटी १८ टक्के आहे. स्पॉन्सरशिप घेणारे तुम्ही साधं मंडळ, ट्रस्ट किंवा एकट्याच्या मालकीचा धंदा असाल आणि पैसे देणारी कंपनी किंवा भागीदारी फर्म असेल, तर रिव्हर्स चार्जनं तो कर पैसे देणाराच भरतो. पण तुमची स्वतःची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १६ जानेवारी २०२५ पासून तुम्हालाच बिलात लावून भरावा लागतो. तुमच्या बाबतीत काय लागू आहे ते आपापल्या सीएला विचाराच, पण पैसे ठरवायच्या आधी विचारा. करासह की कर सोडून, हे बोलून घेतलं नाही तर १८ टक्क्यांवरून संबंध खराब होतात. आणि देणगीची पावती आणि स्पॉन्सरशिपचं बिल हे दोन वेगळे कागद आहेत, कंपनीच्या अकाउंट्सला बिल लागतं.

दुसरी तक्रार, प्रपोजल तपासून द्यायला आठवड्याचा शब्द होता, मला बराच उशिरा मिळालं आणि दोनदा फोन करावा लागला. मिळालं ते मात्र मन लावून केलेलं होतं, पेन्सिलीनं बाजूला टिपणं लिहून फोटो पाठवला होता. 'महिलांसाठी प्रदर्शन' यावर काट मारून 'घरात महिन्याचा किराणा ठरवणाऱ्या बायका' असं लिहिलं होतं. या एका ओळीनं आमचं काम झालं.

म्हणजे काय झालं सांगते. ते पान घेऊन आम्ही दोघी एका मिक्सर-शेगड्यांच्या डीलरकडं गेलो. साहेबांनी पान वाचलं आणि बॅनर कुठं लावणार हे विचारलंच नाही, विचारलं काय तर, चकलीचं पीठ आमच्या मिक्सरवर करून दाखवता येईल काय? येईल की! हॉलच्या दारातच टेबल दिलं, आमच्यातल्या एक मावशी दिवसभर तिथं चटणी वाटून दाखवत होत्या, बायका हात लावून बघत होत्या, आवाज किती येतो विचारत होत्या. ज्यांना डेमो घरी हवा त्यांनी स्वतःहून चिठ्ठीवर नंबर लिहिला, खाली 'फोन केलेला चालेल' अशी खूण करायची सोय ठेवली होती, परवानगीशिवाय नंबर द्यायचा नाही हे मॅडमनी बजावलं होतं. एका पतसंस्थेनं हॉलचं भाडं उचललं, त्यांना आम्ही बचत खात्याचं माहितीचं टेबल दिलं, आणि तिथल्या पत्रात 'नम्र विनंती' होती बरं का.

प्रदर्शन संपल्यावर आठवड्याच्या आत दोघांनाही दोन पानांचा रिपोर्ट दिला, किती लोक आले, टेबलापाशी गर्दी असतानाचे फोटो, किती चिठ्ठ्या जमल्या, काय कमी पडलं तेही. दुपारी लाईट गेली आणि तासभर डेमो बंद होता, ते पण लिहिलं. डीलर साहेब म्हणाले, "ताई, एवढी वर्षं पैसे देतोय, नंतर येऊन सांगणारं पहिलंच कोणतरी." पुढच्या वर्षी जनरेटर मी देतो, असंही म्हणाले. हा रिपोर्टचा भाग वर्कशॉपमध्ये मॅडमनी शिकवला आणि नमुना पण दिला, पंधराशेतले हजार मी या नमुन्याचे धरते.

कुणी जाऊ नये? ज्यांना आठवड्यात पैसे हवेत त्यांनी जाऊ नये. सर कुणाची ओळख करून देत नाहीत, नंबर देत नाहीत, काहीजण त्या आशेनं आले होते ते नाराज झाले, पण जाहिरातीत तसं कुठंही म्हटलेलं नाही. आणि ज्यांच्याकडं येणारी माणसंच अजून ठरलेली नाहीत, धंदा सुरू व्हायचाय, त्यांनी आधी वर्ष-सहा महिने गिऱ्हाईक जमवावं.

जाणाऱ्यांसाठी: जाताना मागच्या कार्यक्रमाचे फोटो, येणाऱ्यांची वही असेल तर ती, आणि कुणाला काय दिलं-घेतलं त्याचा हिशोब बरोबर न्या, रिकाम्या हातानं गेलेल्यांना कागद भरायला फार वेळ लागला. खाण्याच्या धंद्यातले असाल तर एफएसएसएआय (अन्नसुरक्षा) नोंदणीचा नंबर आणि उद्यमचं (छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीचं) सर्टिफिकेट फोनमध्ये ठेवा, उद्यमची नोंदणी फुकट आहे, ऑनलाइन होते, कंपन्या पहिल्याच भेटीत मागतात. दोघं गेलात तर दुसऱ्याला फीमध्ये सूट आहे, ते आधी विचारलं तरच सांगतात. हॉल पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, गुडघेदुखी असणाऱ्यांनी खालच्या बाकावर बसून फोन केला तर मॅडमची मदतनीस मुलगी हाताला धरून वर आणते.